फळ देऊन झालेल्या काठ्या

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी केव्हाच अंग काढून घेतल्यामुळे आठांपैकी जेवढी वाकतात तेवढ्यांनीच. उरलेली मनातल्या मनात.) तुझी कंबर कशी आहे, कान कसे आहेत, हे पत्रातूनच विचारतो, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि इथे मला मोठ्याने बोलू देत नाहीत. माझी प्रकृती उत्तम आहे असं घरात सर्वांचं मत आहे. मला कुणी विचारलेलं नाही.

पत्रास कारण, तू दिलेली बेरी. दोन काटेरी जातींचं लग्न लावून कुणीतरी काढलेली ती संकरित बेरी (रंग एकीचा, आंबटपणा दुसरीचा, काटे दोन्ही घरचे) मी माझ्या खिडकीखाली लावली, हे तुला ठाऊकच आहे. पहिल्या वर्षी ती नुसती वाढली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, फळली. निम्मं फळ पाखरांनी खाल्लं आणि निम्मं मी, पिकलंय का ते पाहण्यासाठी. पाहता पाहता संपलं. त्यामुळे घरातल्या इतर कुणी ते फळ पाहिलंच नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

झालं असं, की चिरंजीवांनी दुसरी गाडी घ्यायचं ठरवलं. पहिली गाडी फाटकाशी उभी असते, म्हणून दुसरीला जागा हवी. जागा म्हणजे माझ्या खिडकीखालचा तो पट्टा, जिथे सकाळी ऊन येतं आणि ऊन आलं की मला सगळ्या कविता आठवतात. मी नको म्हणालो. चिरंजीव समजूतदार आहे (समजूत त्याची, दार माझं). तो म्हणाला, "ठीक आहे बाबा, या उन्हाळ्यात वाटीभर फळ दाखवा. आलं तर झाड राहील, नाही आलं तर गाडी." मी ताबडतोब कबूल झालो, कारण झाडावर माझा विश्वास होता. स्वतःवर नसता ठेवला तर बरं झालं असतं.

रोप देताना तू दोनदा बजावलं होतंस, की ह्या झाडाची काठी एक वर्ष वाढते, दुसऱ्या वर्षी फळ देते आणि मग तिचं काम संपतं. तेव्हा फळ देऊन झालेल्या काठ्या हिवाळ्यात जमिनीलगत कापायच्या आणि त्या वर्षी बुंध्यातून फुटलेले नवे धुमारे तारेला बांधायचे, कारण पुढचं फळ त्यांनाच. हे मला शब्दन् शब्द आठवत होतं. दुर्दैवाने मला तिसरीच्या पुस्तकातली ती कविताही आठवत होती. "ज्या फांदीने फळ दिधले तुज, तिजवर शस्त्र न चालव रे." तुला ती कधी पाठ झाली नाही. दुसऱ्या ओळीला अडकायचीस आणि तासभर बाकावर उभी राहायचीस. म्हणून तर तुझी बाग अशी आहे.

हिवाळ्यात कात्री घेऊन मी उभा राहिलो तेव्हा एका बाजूला त्या जुन्या काठ्या होत्या. तपकिरी, बारीक झालेल्या, साल सुटलेल्या, तारेला पाठ टेकून उभ्या, एकही तक्रार नाही. दुसऱ्या बाजूला हे नवे धुमारे. हिरवे, अंगठ्याएवढे जाड, कुणाचं काही केलं नाही आणि वर्षभरात थेट माझ्या खिडकीत शिरलेले. त्यातल्या एकाने माझा चष्माही ओढला होता. अक्का, तूच सांग, मी कुणाला कापायला हवं होतं? (तू सांगितलं होतंस. माहीत आहे.) मी धुमारे कापले. एकेक करून सगळे, कविता म्हणत. सूनबाईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "बाबा, वाळक्या काढायच्या असतात ना?" मी तिला दोन्ही ओळी चालीत म्हणून दाखवल्या. तिने खिडकी लावून घेतली. तेव्हा मला वाटलं, हिला कविता कळत नाही. आता वाटतं, तिला झाड कळत होतं.

थंडी सरली. सगळीकडे पालवी फुटली, माझ्या काठ्या मात्र तशाच. आत ओल असेल, जुन्या माणसांना जागं व्हायला वेळ लागतो, असं म्हणत मी रोज पाणी घालत राहिलो. एक दिवस तार घट्ट करायला गेलो तर काठी हातात बिस्किटासारखी मोडली. मग दुसरी. मग मी मोडून पाहायचं थांबवलं, आशा राहावी म्हणून. बुंध्यातून नवे कोंब आले, नाही असं नाही, पण त्यांना फळ पुढल्या वर्षी. मी चिरंजीवाकडे फक्त एक वर्ष मागितलं. तो म्हणाला, "बाबा, लावलंत त्या वर्षीही तुम्ही पुढल्या वर्षीच म्हणाला होतात." मी म्हटलं, अरे, मागच्या वर्षी आलं होतं ना फळ. तो म्हणाला, "कुणी पाहिलं?" वकिली शिकवली ती मीच.

इथवरही मी सोसलं असतं. पण गेल्या आठवड्यात शेजारचे दाताचे डॉक्टर वाटी घेऊन आले. वाटीत तीच बेरी. लांबट, गर्द लाल, ओळखीची. कुंपणाच्या तारेतून माझा एक धुमारा गेल्या वर्षी त्यांच्या अंगणात वाकला होता, तेवढाच माझ्या कात्रीतून सुटला (पलीकडे हात पोचला नाही, नाहीतर त्यालाही कविता ऐकवली असती). त्याचा शेंडा तिकडे मातीला टेकला, तिथे त्याने मुळं धरली, आणि मधल्या अंगाला घोसच्या घोस लागले. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे आपोआप उगवलं हो, आम्ही काहीच करत नाही." चिरंजीवाने तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा बाबा, याला म्हणतात झाड." मी सांगितलं, हे आपलंच आहे. त्यावर चिरंजीव आणि डॉक्टर एकमेकांकडे पाहून इतक्या प्रेमाने हसले, की मी वाटीतच हात घातला. मीही एक खाल्ली. बी कवळीखाली अडकली. कवळी त्याच डॉक्टरांनी बसवलेली आहे.

बाकी सर्व क्षेम. थोरांस नमस्कार सांगायला आता थोर म्हणून तूच उरली आहेस, तेव्हा तुझ्याचपाशी ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी कुदळवाला येणार आहे. चिरंजीव जगात फक्त तुला घाबरतो. त्याला फोन करून एवढंच सांग, की झाडाला एक वर्ष दे. त्याचं बोलणं तुला ऐकू येणार नाही, हा ह्यातला मोठाच फायदा.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द समज. पत्र टपालात टाकायला चिरंजीवाकडे दिलं होतं. आज सकाळी ऊन आलं नाही म्हणून खिडकी उघडली, तर नवी गाडी नाकाला लागली, आणि तिच्या काचेआड, स्टिअरिंगच्या मागे, हे पत्र पडलेलं दिसलं. मागितल्यावर त्याने लगेच आणून दिलं. मुलगा वाईट नाही. डॉक्टरांनी मला हिवाळ्यात त्यांच्या बेरीची छाटणी करायला बोलावलं आहे, घरी बसून कंटाळत असाल म्हणाले. जाईन म्हणतो. जुन्या काठ्या जमिनीलगत कापीन, तोंड मिटून.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. तुझी मागची खोली रिकामी आहे का? फळ देऊन झालेल्या काठ्या कापायच्या, हे तू सांगितलं होतंस. कापल्यावर त्या कुठे ठेवायच्या, ते तेवढं राहिलं.