आबांनी निवडलेली स्लीपिंग बॅग

१७ नोव्हेंबर, लातूर
पत्र आलं. निवड झाली. जानेवारीत गढवालात बायकांचं हिवाळी शिबिर, बर्फात तंबू ठोकून अकरा रात्री. आपल्याकडच्या दोघीच, मी आणि अंबाजोगाईची विजया. ती शाळेत पी.टी. शिकवते. दोन वर्षांपूर्वीचा गिर्यारोहणाचा उन्हाळी कोर्स आम्ही एकाच दोराला बांधून घेऊन केला होता. वयाची अट अठ्ठावीस. मला मार्चमध्ये अठ्ठावीस पुरी. म्हणजे ही शेवटची खेप.

सोबत सामानाची यादी. बाकी ते देणार, स्लीपिंग बॅग ज्याची त्यानं आणायची. डाऊनची, उणे पंधराला चालेल अशी.

यादी खणात ठेवली आणि टँकरचं रजिस्टर ओढलं. नळ आज आलाच नाही.

२० नोव्हें.
डाऊन म्हणजे काय हे लातुरात कोणाला सांगावं! गादीवाल्या पिंजाऱ्याला चित्र दाखवलं. तो म्हणाला, कापसाची शिवून देतो, हत्ती झोपला तरी गरम होईल. पण उचलायलाही हत्तीच लागेल. मुंबईच्या दुकानाचं उत्तर आलं: त्यांच्याकडे कृत्रिम धाग्याची, शून्य अंशापर्यंतची. डाऊनची मागवावी लागेल, तीन महिने.

कचेरीत स्वामीकाकांना बोलले. आमच्या टंचाई शाखेचे अव्वल कारकून, उदगीरचे, कपाळावर रोज ताजं भस्म. बदकाच्या पिसात माणूस झोपतो ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं. दुपारी स्वतःच टेबलाशी आले. त्यांचे साडू सिकंदराबादेत कापडाचा धंदा करतात, तिथं पलटणीचा जुना माल विकणारी दुकानं आहेत म्हणे. पत्ता लिहून दिला, तोही कोऱ्या लेटरहेडच्या मागे. जुन्या जिल्ह्याचं नाव खोडलेलं लेटरहेड. नवीन छापून यायची आहेत. लातूर वेगळा जिल्हा होऊन तिसरं वर्ष.

२४ नोव्हें., नांदेड
घरी आले. आबा आता एकटेच. आई गेल्यापासून स्वयंपाकही तेच करतात, फौजेतल्यासारखा, एकाच पातेल्यात.

यादी दाखवली. चष्मा लावून दोनदा वाचली. मला वाटलं, नको म्हणतील. म्हणाले, "कापसाची घेऊ नको. कापूस वला झाला की मेला."  भांडी घासून झाल्यावर म्हणाले, सिकंदराबादला मी येतो.

फौजेबद्दल आबा कधी बोलत नाहीत. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, ती रेल्वेच्या रुळात गेली असं आई सांगायची.

३० नोव्हें., सिकंदराबाद
रात्रभर गाडीत उभ्यानं. सकाळी दुकान सापडलं. बोळात आहे, दारात बुटांचे ढीग. म्हातारे दुकानदार, शेरवानीचा गळा फाटलेला, भले. सात बॅगा काढून जमिनीवर पसरल्या.

मी रंग बघत होते. आबा बसले आणि एकेक हातात घ्यायला लागले, बाजारात बैल बघतात तसे.

पहिली गालाला लावली आणि माझ्याकडे टाकली. बघ टोचते का. टोचली. म्हणाले, ही नुसती पिसं. पिसाला काडी असते. डाऊन म्हणजे पिसाच्या खालचा मऊ कापूस, त्याला काडी नसते. दुसरीत गोळे झालेले, कधी तरी भिजून तशीच गुंडाळून ठेवलेली, वासही येत होता. तिसरी मला फार आवडली, हलकी, निळी. आबांनी ती दाराकडे नेऊन उन्हासमोर धरली. प्रत्येक शिवणीतून उजेड. आरपार शिवलेली होती. "उजेड येतोय ना, तिथूनच थंडी येती." मला वाईट वाटलं, पण खरं होतं.

चौथी मेंदीच्या रंगाची, अफसराची असावी. आबांनी ती दाबून दाबून मुठीएवढी केली आणि सोडली. ती हळूहळू फुगत राहिली, भिजत घातलेल्या डाळीसारखी. आत कप्पे कप्पे, चेनच्या मागे भरीव पट्टी, डोक्याला टोपी आणि ती आवळायची नाडी. चेनचा सरकता घोडा मोडलेला. आणि सहा फुटी माणसाची, मी त्यात तळाशी पोचतच नाही. दुकानदार म्हणाले, "बेटी, ये तुमकू लंबी होती. खाली जगा रहे तो पाँव ठंडे पडते." आबांनी मान हलवली. जागा रिकामी राहिली तर ती अंगानंच तापवावी लागते.

मग आबांनी चपला काढल्या आणि स्वतः आत शिरले. तिथेच, दुकानाच्या फरशीवर. नाडी आवळली. फक्त नाक बाहेर. डोळे मिटले.

मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत.  एक गिऱ्हाईक आलं, त्याला दुकानदारांनी हातानंच थांबवलं. मी दोनदा आबा म्हणाले. घामानं कपाळ ओलं झालं होतं त्यांचं. उठले ते माझ्याकडे न बघताच.

"हीच घे. लांबीचं मी बघतो."

१ डिसें., लातूर
परतीच्या गाडीत आबा बॅग मांडीवर घेऊन बसले होते. बासरच्या पुढे कधी तरी, मी विचारलेलं नसताना, बोलायला लागले. जसं आठवतं तसं लिहिते.

चीनच्या लढाईत त्यांना उन्हाळी कपड्यांवरच वर पाठवलं. दोघांत मिळून तीन कांबळी. जोडीला बिलोलीकडचा गणपत म्हणून होता. पाठीला पाठ लावून झोपायचे. एका सकाळी आबांना त्याची पाठ गार लागली. उठवलं तर गणपत उठला नाही. आबांची बोटं त्याच आठवड्यात गेली. पुढे सुटीवर आल्यावर बिलोलीला त्याच्या आईला भेटायला गेले.

"गोळी लागली म्हणून सांगितलं मी तिला. थंडीनं गेला म्हणलो असतो तर ती इचारली असती, पांघरायला न्हवतं का काही."

 बॅग आबांनी नांदेडलाच ठेवून घेतली. तळाची शिवण आणि चेन ते करणार.

९ डिसें., लातूर
रजेचा अर्ज दिला. वीस दिवस. स्वामीकाकांनी वाचला, टाचणी लावली आणि फाइलच्या तळाशी घातला. वर ठेवला तर आजच नाकारतील म्हणाले. सकाळीच परिपत्रक आलंय, टंचाईचं काम असलेल्या सर्वांच्या रजा बंद.

मी अजून कायम नाही. आमच्या घरात कचेरीच्या खुर्चीवर बसलेली मी पहिली. आबांनी माझ्या नेमणुकीचा कागद बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काच लावून टांगला आहे.

१४ डिसें.
विजयाचं पत्र. ती येत नाही. लग्न ठरलं, तारीख शिबिरातलीच. मुलाकडच्यांना विचारायचं धाडस झालं नाही, असं लिहिलंय. शेवटी, "तू जा. माझ्या वाटचं पण बघून ये." तिच्या शाळेच्या पत्त्यावर अभिनंदन लिहिलं. चार ओळींच्या वर सुचेना.

१९ डिसें.
आबांचं कार्ड. बारीक, एकसारखं अक्षर. तळापासून वीतभर जागा सोडून आडवी शिवण घातली, डाऊन काढलेलं नाही, शिवण उसवली की पुन्हा पूर्ण लांबी. चेनला नवा घोडा. दोन दिवस गच्चीत सावलीत वाळवली, उन्हात नाही. रोज उघडून ठेवतो, दाबून ठेवली तर जीव जातो. "सुजाता, तुझ्या खांद्याचं माप कळीव."

रजेचं त्यांना सांगितलेलं नाही. कळवलं ते खांद्याचं माप.

२३ डिसें.
रजेच्या अर्जावरून शाखेच्या साहेबांनी स्वतः बोलावलं. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्ची दिली. नकाशा दाखवला, त्यात पाणी संपलेल्या गावांना लाल टाचण्या. टाचण्या संपल्या म्हणून पुढे शाईचे ठिपके. म्हणाले, नवा जिल्हा, माणसं अर्धी, यातलं तुम्ही कोणतं गाव सोडू म्हणता सांगा.  पाऊस पडल्यावर रजा घ्या, म्हणाले.

बाहेर आल्यावर स्वामीकाकांनी स्वतःच्या माठातलं पाणी दिलं. त्यांच्या घरी पाणी विकत येतं, मला माहीत आहे.

२६ डिसें.
पोस्टात गेले आबांना तार करायला. बॅग घेऊन स्टेशनवर यायचं म्हणतायत ते. फॉर्मवर लिहिलं, रजा नाही येऊ नका. चार शब्द. खिडकीतल्या बाबूनं हात पुढे केला आणि मी फॉर्म दिला नाही. पर्समध्ये आहे.

माझ्यासाठी नाही वाईट वाटत. खोटं आहे, वाटतं. पण त्या दुकानात ते उठल्यावर त्यांचा चेहरा वेगळा होता. मी जाणार म्हणून.

२ जाने.
किल्लारीच्या पुढे एका गावाला जीपनं. टँकर तपासणी. पोचलो तेव्हा ऊन निघायचं होतं, बोचरी थंडी. विहिरीभोवती बायका बसलेल्या, अंगावर खताची पोती. पहाटेपासून नंबर. तळाशी झरा आहे, वाटीवाटीनं भरतात. सगळ्यात पुढे एक म्हातारी, तिची नात आत उतरलेली.

माझ्या रजिस्टरला या गावाला रोज दोन खेपा. म्हातारी म्हणाली, दोन काय अन् एक काय, चार दिवस झाले टँकर दिसला नाही. "तुमच्या कागदावर येतं व्हय पानी? मग कागदच पिळा की." हसली नाही. तिचा जबाब घेतला, अंगठा घेतला. सगळ्यांचेच घेतले. परतताना ड्रायव्हर म्हणाला, कंत्राटदार मोठ्या घरचा आहे, मॅडम.

म्हणजे हे मीच धरून बसले नाही तर फाइल तळाशी जाणार. बसले तरी जाईल बहुतेक.

४ जाने.
जबाबांची टिपणी वर पाठवली. स्वामीकाकांनी एक शब्द न बदलता सही केली, त्यांना निवृत्तीला दीड वर्ष आहे. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, न सांगता गेलात तर गैरहजर लावावं लागेल. मलाच लावावं लागेल. कायम नसलेल्याला पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक हाय." मी हाव म्हणून मान हलवली.

आबांचं दुसरं कार्ड आलेलं होतं. सहा तारखेला नांदेडहून दुपारी बाराची मनमाडची गाडी. बॅग घेऊन ते फलाटावर थेट येतील. मी लातूरहून सकाळची बस धरावी. डबाही आणतो म्हणून लिहिलंय. खाली वेगळ्या शाईत: "रात्री पाय गार पडले तर उठून बस. झोपू नको."

५ जाने.
आज तरी तार करायची होती. नाही केली. आता केली तरी ते निघाल्यावर पोचेल.

ठरवलं की जाऊन तोंडानंच सांगायचं. एक दिवसाची किरकोळ रजा स्वामीकाकांकडे मागितली. ती पण देता येत नाही म्हणाले, आणि मान खाली घालून लिहीत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, हजेरीचं मस्टर मी साडेदहाला बंद करतो.

सांगायला जायचं तर सॅक कशाला? तरी भरली. बूट तळाला, लोकरी मोजे, विजयानं कोर्सच्या वेळी दिलेली टोपी.

६ जाने., अहमदपूर
सकाळी सहाची नांदेड बस मिळाली. आठला इथं पोचली, वीस मिनिटं थांबणार. सॅक टपावर आहे.

रस्ताभर आबांना काय सांगायचं ते जुळवत होते. साहेब असं म्हणाले. गावांची हालत अशी. म्हातारीचं सांगणार होते. सगळं खरं आहे आणि कशानंच पुरं होत नाही. दुसरंही जुळवून पाहिलं, काही न सांगता बॅग घ्यायची आणि गाडीत बसायचं. मग काचेतल्या नेमणुकीच्या कागदाचं काय झालं ते त्यांना पोस्टमननं सांगायचं. तेही होत नाही.

आबा अकरालाच येऊन बसतील. ते कुठेही तासभर आधी जातात.

शेजारच्या फलाटाला लातूरला जाणारी बस लागली आहे, निम्मी रिकामी. ती घेतली तर साडेदहाच्या आत मस्टरवर सही होते. तिचा ड्रायव्हर चढून बसला. आमचा कंडक्टर अजून चहा पिऊन राहिला.