चेंडूला बोंड का धरत नव्हतं

प्रिय माळीबुवा,

'प्रिय' हे हात सवयीनं लिहून गेला, त्यावर फुगू नकोस. काल तुझी बायको माझ्या रोपवाटिकेत आली. आधी मला वाटलं, गिऱ्हाईक असेल. युफोर्बियाच्या कुंड्या उगाच उचलून बघत होती, त्यात एक फांदी तिच्या हातून मोडली. पांढरा चीक वाहायला लागला तशी ती बोटांनी पुसायला गेली. मी ओरडलेच, डोळ्याला हात लावू नकोस म्हणून. नळाखाली तिचे हात धुताना तिनं सांगितलं, ती कोण ते. इतकी वर्षं तुझ्या घरात काढून तिला चीक धुवायलाही तू शिकवलं नाहीस.

मोडलेली फांदी मी पाण्यात धरली, चीक थांबल्यावर फळीवर सावलीत ठेवली. तिला वाटलं, लगेच मातीत खोचायची असते. मी म्हटलं, बाई गं, ओली जखम मातीत गेली की कुजते. पंधरा दिवस सुकू द्यायची, मग मुळं धरते. एवढा धीर तुला झाडांपुरता होता. मला घराबाहेर काढलंस आणि वर्ष सरायच्या आत हिला आणलंस.

युफोर्बियातलेच आपले ते चेंडू आठवतात ना? गोलमटोल, बिनकाट्यांचे. त्यांना फांदी म्हणून फुटायची नाही, त्यामुळे जे काय व्हायचं ते बियांतूनच, आणि त्यात नर वेगळा, मादी वेगळी. तू कुंडी मांडीवर घेऊन, जिभेचं टोक बाहेर काढून, बारीक कुंचल्यानं नराचे पराग मादीच्या फुलावर टेकवायचास. तेव्हा तू मला फार आवडायचास, आता सांगायला काय हरकत आहे. दोन हंगाम एकही बोंड धरलं नाही. मी म्हटलं, माद्याच भाकड दिसतात, बदलून टाकू. तू केवढा उखडलास! आधी नर तपासायचा असतो, एवढंही कळत नाही का, म्हणालास आणि भिंग घेऊन बसलास. नराच्या फुलात परागच नव्हते. नर बदललास आणि पुढच्या हंगामात बोंडंच बोंडं. ती तडकून बी खोलीभर उडू नये म्हणून मी माझे जुने मोजे फाडून त्यांच्यावर बांधले. तेव्हापासून तू मला मोजेवाली म्हणायला लागलास.

त्याच हंगामात माझ्या दवाखान्याच्या खेपा चालू होत्या. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, पोटाला भोक पाडून आत बघून झालं. दर वेळी डॉक्टरीणबाई सांगायच्या, तुमच्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला घेऊन या. तुझ्या आईंनी फटकन सांगून टाकलं, आमच्या घराण्यात पुरुषांना असलं काही नसतं. तू तिथेच बसला होतास, कुंड्यांची माती चाळत. चाळतच राहिलास. आईंचा राग मला कधीच आला नाही. तुझ्या त्या चाळणीचा आवाज मात्र अजून डोक्यात जातो.

आता तीच रड हिच्या वाट्याला आली आहे. पहिलीही तशीच, दुसरीही तशीच, असं आई ऐकवतात आणि तू अजून मातीच चाळतोस म्हणे. तिला माझ्याकडून एवढंच जाणून घ्यायचं होतं, की माझ्यात खरंच दोष होता का. मी खरं ते सांगितलं. मग चेंडूंची गोष्टही सांगितली. तिला हसू फुटलं ते आवरेना, मग मलाही आवरेना.

तू रात्रभर शोधत फिरला असशील, म्हणून हे आमच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे. ती कुठे हरवलेली नाही. माझ्याकडे, मागच्या खोलीत आहे, आणि परत यायचं म्हणत नाही. तिला न्यायला येऊ नकोस. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना अजून तिथेच आहे, जिना चढून डाव्या हाताला. आधी तिकडे जा. भिंग त्यांच्याकडे असतं, तुझं न्यायला नको.

कधी काळची तुझीच,
मोजेवाली