ऑरेलियाचं डावं इंजिन

१५ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी.
उपवास. गिरणी लवकर बंद. आठला अंतराळातल्या लढाईच्या मालिकेचा भाग. लढाईत सगळ्यांनी तोफा बघितल्या, मी धूर बघितला. ऑरेलिया जहाजाच्या डाव्या इंजिनातून निळा धूर! म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, ऑइल जळतंय. आमच्या गिरणीला डिझेल इंजिन होतं तेव्हा हा धूर मी रोज पाहिलाय. मालिका बघणाऱ्यांच्या मोबाइल ग्रुपवर सविस्तर लिहिलं.
ग्रुप आमच्या पोराने, माऊलीने काढलेला. पुण्याला नोकरीवर जाताना त्याने मलाही त्यात घेतलं. तो घरी होता तोवर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून दोघे मिळून ही मालिका बघायचो. आता फोनवर दोन शब्दांपुढे जात नाही. दिवाळीलाही आला नाही. पण इंजिनाचा विषय निघाला की बोलेल.

१६ नोव्हेंबर
ग्रुपवरचा नागपूरचा प्रज्ञेश लिहितो, अंकल, अंतराळात पिस्टन नसतो, तो प्लाझ्मा आहे. मी लिहिलं, काहीही असो, रिंग लागतेच. बाकीच्यांनी हसरे चेहरे पाठवले.
माऊली गप्प. म्हणजे त्याला पटलं. पटलं नाही तर तो लगेच भांडतो, लहानपणापासून.

१९ नोव्हेंबर
माऊलीची आई शकुबाई म्हणाली, "पोराशी बोलायचं तर सरळ फोन लावा की. त्या इमानाचा धूर लोकायला काहून सांगून राहिले?" बायकांना तांत्रिक बाबी समजत नाहीत.
निश्चय : रोज एकच मुद्दा मांडायचा. शांत राहायचं. प्रज्ञेशला उत्तर द्यायचं नाही.
संध्याकाळी : प्रज्ञेशला उत्तर दिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ऑरेलियाची दुरुस्ती झाली. रिंगा बदलताना दाखवल्या नाहीत, पण धूर थांबला. पुढच्या शनिवारी शेवटची लढाई. ग्रुपचं मत, जहाज फुटणार. मी लिहिलं, डावं इंजिन शेवटपर्यंत टिकेल. माऊली, तू सांग. उत्तर नाही. ओव्हरटाइम असेल.
बेत असा : माझं खरं ठरलं की तो आपणहून फोन करील. मग सप्ताहाच्या काल्याला गावी ये म्हणायचं. तेवढ्यावर नाही म्हणवणार नाही त्याला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
औंढ्याला जाऊन आलो. नागनाथापुढे आधी घरच्यांसाठी हात जोडले, मग डाव्या इंजिनासाठी. दुसरं मागणं मनातच ठेवलं.

२८ नोव्हेंबर
मंदिरात सप्ताह बसला. वीणा अखंड कुणाच्या तरी गळ्यात हवी, खाली टेकवायची नाही. पहारे वाटले. उद्या संध्याकाळी सात ते नऊ माझा, नेमका मालिकेच्या वेळी! पुढचा पहारा असलेल्या मुंजाजीला म्हटलं, अदलाबदल कर. तर म्हणतो, "देवाचा पहारा हाय का एसटीचं शीट, सरकून घ्यायला?"
हरकत नाही. चॅनल लावून मोबाइल खिशात ठेवीन, एक वायर कानात, वरून उपरणं. इंजिन मी आवाजावरून ओळखतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार. पहारा संपल्यावर.
एका कानात भजन, एका कानात लढाई. स्फोट पुष्कळ झाले. पण इंजिनाचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा, दमदार. एकदाही अडखळलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली. मुंजाजी लोकांना सांगत होता, "आज ह्याला देव बराबर भेटला."
ग्रुपवर लिहिलं : डावं इंजिन टिकलं. जहाज सुखरूप. माऊली, काल्याला ये, समक्ष बोलू.

३० नोव्हेंबर
भाग डोळ्यांनी पाहिला. ऑरेलिया सुरुवातीलाच फुटली. डावीकडूनच. पुढची सगळी लढाई तिच्याशिवाय, शेवटी तिची शोकसभा.
ऐकलेलं इंजिन मंडपामागच्या जनरेटरचं. काल संध्याकाळपासून लाइट नव्हती. मुंजाजीने परवाच त्याला नव्या रिंगा टाकल्यात. काम उत्तम झालंय.
प्रज्ञेशने माझ्या मेसेजचा फोटो काढून सगळीकडे फिरवला. फिरवू दे. इतकी फजिती वाचून माऊली फोन करणारच. हसायला का होईना.

३ डिसेंबर
रेंज तपासली. बराबर आहे. मोबाइल बंद करून चालू केला.

५ डिसेंबर. काला.
माऊली आला नाही. शेवटी मीच फोन लावला. म्हटलं, ग्रुपवर झालं ते मनावर घेऊ नको. त्याने विचारलं, कोणता ग्रुप? मग आठवलं त्याला. म्हणाला, "आबा, ती मालिका म्या कवाच सोडली. ग्रुप बी म्यूट करून वर्ष झालं. तुमी अजून त्यात हायत?" मी म्हटलं, असतो अधूनमधून. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. ठेवतो म्हणाला.
हल्ली तो काय बघतो, हे विचारायला परत लावला. उचलला नाही. ड्युटीवर असेल.
शकुबाईला सांगितलं, बराच वेळ बोललो. तिने त्याच्यासाठी काल्याचा प्रसाद झाकून ठेवला होता. दह्यातल्या लाह्या, उद्यापर्यंत टिकणाऱ्या नव्हत्या. संध्याकाळी मी खाल्ल्या.