जिथली वस्तू तिथं

१७ जून, मंगळवार
आज शालू खुर्सीपारच्या गल्लीतून एकटी चालली. दारापासून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत, पांढरी काठी डावीकडे-उजवीकडे टेकवत, आणि परत. मी मागे होते, पण लांब. तोंडातून शब्द काढला नाही, हे माझ्यासाठी भलतंच अवघड. ज्यांना दिसत नाही त्यांना काठीनं चालायला शिकवणं हे माझं काम. गप्प राहायला मला कोणी शिकवलं नाही.

नऊ वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. आता तिशीची आहे. आई होती तोवर एकटीनं बाहेर पडायची वेळच आली नाही. आता घरात भाऊ दिलीप, वहिनी आणि ती.

गल्लीत एकदाही अडखळली नाही. मग आपल्याच घरात पाय टाकला आणि दारातल्या बादलीवर धाडकन आपटली. सगळीकडे पाणी. वहिनी आतून हसत, "बाहेर चालते अन् घरात पडते! काय शिकवून राहिल्या मॅडम?"

निघताना तिथं बादली नव्हती. मी पाहिलं होतं. शालू ओल्या सलवारीनं उठली आणि म्हणाली, "माहीच चूक झाली."

घरी आल्यावरही तेच डोक्यात. चहा उतू गेला.

२० जून, शुक्रवार
शा.ला विचारलं, बादली रोज असते का दारात?
"पयले नसे. आता असते."

मग एकेक निघालं. काठी शिकायला लागली तेव्हापासून घर हलतंय. माठ ओट्यावरून खाली. खाट भिंतीपासून मधोमध. मागच्या न्हाणीपर्यंत आईनं तिच्यासाठी दोरी बांधली होती. ती एक दिवस दुसऱ्याच खिळ्याला. दोरी धरून गेली तर कपाळ भिंतीवर.

"भाऊ म्हनते, मजाक केली."

स्वप्नही सांगितलं. घराला पाय फुटलेत, बारके, कोंबडीचे. ती झोपली की घर उठतं, गल्लीत हिंडून येतं आणि परत बसताना तोंड भलतीकडेच करून बसतं. "मी त्याले म्हनते, अरे बाप्पा, बस ना एका जागी!"

मला हसू आलं, तीही हसली. परतताना ऑटोतून दोन्हीकडची घरं बघत बसले. एखादं आता उठेल, अंग झटकेल, चालू लागेल. पावर हाउसचा थांबा कधी आला कळलं नाही, ऑटोवाल्यानंच उतरवलं.

२६ जून, गुरुवार
दिलीप घरी होता. पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहे. राक्षस वगैरे काही नाही. दमलेला, शेव्हिंग न केलेला, चांगला बोलणारा माणूस. त्यानं स्वतः चहा आणला. माझा कप माझ्या हातात दिला. बहिणीचा तिच्या हातापासून वीतभर लांब ठेवला आणि पाहत बसला. ती चाचपत होती. मी सरकवायला गेले तर तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, सापडते तिले."

कपाला बोट लागून चहा सांडला तेव्हा कुठे तो हसला.

मी स्पष्टच विचारलं, वस्तू काहून हलवता?
"घरचीच पोट्टी हाय ना. मजाक हाय. हात नाई लावला आजवर तिले. विचारा."

शा.नं मान हलवली. खरंच नाही लावला. मला त्या माणसाचा असा संताप आला की घरी आल्यावर माझ्या आईशी विनाकारण भांडले.

१ जुलै, मंगळवार
आनंदाची बातमी. पावर हाउसजवळच्या एका डॉक्टरांना फोन उचलायला, पेशंटचे नंबर लावायला माणूस हवं होतं. शा.चा आवाज गोड आणि स्मरणशक्ती तर विचारूच नका. ते हो म्हणाले. सांगितलं तर ती खाटेवर बसूनच कामावर गेली: हातात नसलेला फोन, "हॅलो, डॉक्टर साहेब साडेपाचला येतात." मीपण पेशंट झाले. मला चांगला खोकला येतो.

दिलीपनं दारातून ऐकलं. "मंग सैपाक कोन करन? हिची वहिनी ड्यूटीवर जाते. अन् रस्त्यात काई झालं तर लोक मले बोलतीन."

हं. म्हणजे हे आहे. दोन्ही वेळचा स्वयंपाक शा. करते. काठी गल्लीच्या पुढे गेली तर चूल थंड. म्हणून घरालाच पाय फुटले. आणि काठी तिच्या हातात मीच दिली...

४ जुलै, शुक्रवार
अक्षर घाण येणार, येऊ दे.

ओट्याची कड कळावी म्हणून शा. नेहमी एकाच कोपऱ्यावर तळवा टेकवते. आईनं लावलेली सवय. आज त्या कोपऱ्यावर तापलेला तवा. अख्खा उजवा तळवा. वहिनी म्हणते मी नाही ठेवला, दिलीप म्हणतो ठेवला असेल कोणी, एवढं काय.

पट्टी करून तिला घेऊन थेट बायकांच्या मदत केंद्रात. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "किसने मारा?"
"किसी ने नहीं."
"धक्का दिया?"
"नहीं."
"फिर?"
शा. म्हणाली, "तवा सरका दिया."

बाई पेन धरून नुसत्या बसल्या. माझा आवाज चढला, तो मला ऐकू येत होता पण उतरवता येईना. आतून अधिकारी मॅडम बाहेर आल्या. त्यांनी शा.ला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं: बादली, दोरी, कप. मधे एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "यह भी मारना ही है, बेटा." दोन रस्ते सांगितले. रीतसर तक्रार करून त्याच घरात हक्कानं राहायचं, ते घर तिचंही आहे. नाहीतर सध्या दुसरीकडे, तक्रार मन होईल तेव्हा.

"सद्या दुसरीकडे," शा. म्हणाली. इतकं हळू की परत विचारावं लागलं.

६ जुलै, रविवार
कोहक्यातल्या आमच्या घराची मागची खोली रिकामीच होती, तिला स्वतंत्र दार. शा. भाडेकरू म्हणून आली. माझ्या संस्थेतले सर म्हणाले, कामातली माणसं घरात आणू नयेत. बरोबरच आहे त्यांचं. मग तुम्ही ठेवा म्हटलं, तर फाइल चाळायला लागले.

सामान: एक खाट, एक खुर्ची, माठ, शेगडी, आईचा फोटो. फोटो तिला दिसत नाही, पण कुठं आहे ते माहीत हवं म्हणाली. सकाळभर डाव्या हातानं भिंती वाचत फिरली. मग एकेक वस्तू स्वतः ठेवली. खुर्ची खिडकीखाली. "ताई, एकच नियम. माह्याशिवाय इथली वस्तू कोनी हलवाची नाई. तुमी बी नाई, मावशीनं बी नाई."

माझ्या आईनं दारातून शपथ घेतली. आई शपथा फार लवकर घेते.

१३ जुलै, रविवार
व्हायचं तेच झालं. शा. आंघोळीला गेली तेवढ्यात आईनं तिची खोली झाडली. भाडेकरणीवर माया. खुर्ची उचलून बाजूला ठेवली, केर काढला, खुर्ची परत ठेवली. जवळजवळ तिथंच.

जवळजवळ!

शा.चा गुडघा फुटला. मी धावले तोवर ती खाली बसून दोन्ही हातांनी डोकं झाकून म्हणत होती, "माहीच चूक झाली, माहीच चूक झाली." कोणी काही बोललंच नव्हतं. घरात मी आणि आई दोघीच, आणि ती दिलीपला उत्तर देत होती.

आई दारात झाडू धरून रडायला लागली. "पोरी, म्या हलवली व. माही चूक हाय, तुही नाई." आईला चूक कबूल करताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शा.नं डोक्यावरचे हात काढले. कान देऊन होती, अजून कोणी हसतंय का ते ऐकत.

मग विचारलं, "मावशी, खरंच तुमी हलवली?"
"हो व बाई."
"मंग असं करा, आता परत ठेवा. मी सांगते तिथं."
आईला चार वेळा सरकवायला लावली. चौथ्या वेळी मला वाटतं उगाचच.

२७ जुलै, रविवार
रविवारी मी ओढणीनं डोळे बांधून तासभर घरात वावरते. शिकवणाऱ्यानं सवय सोडू नये. आज शा. म्हणाली, माझ्या खोलीत या. गेले.

काय सांगू. तिथं मला भीतीच वाटली नाही. माठ माठाच्या जागी, त्याच्या बाजूनं गार वारा. खिडकीखाली खुर्ची. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर, ती हळूहळू बोलतेय, आणि मला वाटलं आपण पाण्याखाली आहोत आणि श्वास घेता येतोय. याच महिन्यात डॉक्टरांकडे कामाला लागली, तिथल्या फोनवरच्या गमती सांगत होती. एक म्हातारे रोज फोन करतात, नंबर लावत नाहीत, नुसतं विचारतात, "बिटिया, आज भीड़ है क्या?"

संध्याकाळी प्लांटकडचं आभाळ लाल झालं. तिकडे लोखंडाचा तापलेला रस ओततात तेव्हा होतं तसं. डोळे असताना पाहिलेलं तिला एवढंच नीट आठवतं.
"झालं का लाल?"
"झालं."
"आमच्या दारातून लय मोठं दिसे," ती म्हणाली. मी गळ्यात सोडलेली ओढणी परत डोळ्यांवर बांधली.

१४ ऑगस्ट, गुरुवार
दिलीपचा फोन. तीजाचा सण येतोय. इकडची रीत, पोळा झाला की भाऊ बहिणीला माहेरी न्यायला जातो. लग्न झालेल्या बहिणीला! शा.ला मजा वाटली, "माहं लगन नाई झालं, तरी भाऊ न्याले येऊन राहिला." मग मजा ओसरली. फोनवर तो रडला म्हणे. घर जसं होतं तसं करून ठेवलंय. दोरी आईच्याच खिळ्याला बांधली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी येतो.

"त्याचा आवाज लहानपनचा होता, ताई."

मी म्हटलं, तवा पण लहानपणचाच असेल. बोलू नये ते बोलले. शा. उठून खोलीत गेली. कडी लावली.

२० ऑगस्ट, बुधवार
अधिकारी मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, जायचंच तर आधी तक्रार नोंदवून, कागद हातात घेऊन जाऊ दे. पण ठरवू द्या तिलाच. मला हे पाठ आहे. मीच दुसऱ्यांना शिकवते. कोपऱ्यावर माणूस चुकीचा वळतोय दिसलं तरी हात धरायचा नाही, गाडी येत असेल तरच. इथं गाडी येतेय की नाही?

संध्याकाळी शा. आपणहून आली. त्या दिवसाचं काही बोलली नाही. पुन्हा घराचं स्वप्न पडलं. या वेळी पाय नव्हते. घर एका जागी बसून होतं, तीच दाराबाहेर उभी होती. आतून आईच्या पाट्यावर कोणीतरी चटणी वाटत होतं, लसणाचा वास येत होता.

"आत गेली का तू?"
"जाग आली ना."

मला तिनं जाऊ नये असं वाटतं. इथं लिहायला काय जातं. आणि ते घर तिचं आहे, तिनं का सोडावं, असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं आणि झोप लागत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
काल पोळा. शेजारून बेसनाची ठेठरी आली, आईनं पुरण घातलं. शा.नं भरपूर खाल्लं. तिला काही विचारलं नाही. विचारू नये म्हणून आईनं मला तीनदा स्वयंपाकघरात बोलावलं.

आज सकाळी दूध घेऊन आले तर मागचं दार सताड उघडं. शा. खाटेवर बसलेली. वेणी घातलेली, नव्या बांगड्या, काठी मांडीवर आडवी. पिशवी खुंटीला, भरलेली की रिकामी, दुरून कळेना. आणि खुर्ची खिडकीखाली नव्हती. उंबऱ्याच्या आत, बरोबर येणाऱ्याच्या पायात.

माझा हात आपोआप पुढे गेला. मग नियम आठवला.

"शालू, खुर्ची दारात हाय."
"माहीत हाय मले. मीच ठेवली."
"कोनासाठी?"
"भावासाठी."

बसायला की आपटायला, ते ती बोलली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हसत होती का? थोडी. आईच्या फोटोकडे तोंड होतं, अगदी नेमकं.

"ताई, तुमी मधात बोलू नका."
"नाई बोलत."

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबली. दिलीपचा आवाज, "शालू, तयार हाय का?" ती उठली नाही. काठी हातात घेतली, टोक जमिनीला टेकवलं. मी अंगणात सरकून उभी राहिले, दुधाची पिशवी हातात तशीच. तो येताना दिसला, हातात मिठाईचा डबा, नजर मोबाइलवर.

खुर्ची मी तिथंच राहू दिली.