मुळासकट आलेली माकडशिंगी

आईला पुण्याहून वनमालाचा दंडवत. माझं बरं चाललंय, काळजी करू नको.

काल नर्सरीत एक रोप आलं. बोटाएवढ्या, चौकोनी, बिनपानाच्या हिरव्या कांड्यांचा गुच्छ. नाव कुणालाच येईना. मी बघताच वळखलं, आपली माकडशिंगी! मालक म्हणले, रोज पाणी घाल. मी घातलं न्हाई. मुरमाड माळावर, बोरीच्या काट्याखाली वाढणारी ती, पाण्यानं सडंल.

शेळ्यामागं फिरताना आपण मीठ लावून खायचो, पण मूळ कधी उपटत नव्हतो. ही मुळासकट काढून आणली, म्हणून रोपं घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला इचारलं, कुठली ही? त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं. म्हणला, खडीसाठी तिथला माळ फोडलाय.

फोनवर तू नुसतं 'बरं हाय' म्हणतीस.

आई, शेळ्या हायेत ना?

तुझी,
वनमाला