आधी फळ्या, मग फासळ्या

रेडमंड,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आम्ही तिघं ठीक. सियाचा पुढचा दात पडला, पाऊस काही थांबत नाही. तुमच्या गुडघ्याचं तुम्हीच लिहा, आईकडून कळतं ते निम्मंच असतं. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी पुन्हा हसून वेळ मारून नेईन.

सिएटलजवळच्या एका यार्डात पिनिसी आलीय. इंडोनेशियाची लाकडी होडी. अंग तिकडच्या सुतारांचं, शिडं युरोपच्या जहाजांसारखी. तिच्या सडलेल्या फासळ्या बदलायच्या होत्या. या शहाण्यांनी एक बाजू मोजली, दुसरी तशीच धरली आणि कॉम्प्युटरवरून फासळ्या कापून मोकळे झाले. दुसऱ्या बाजूला एकही बसेना! तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

मी म्हटलं, हिच्या फळ्या आधी जोडतात, मग आतून फासळ्या बसवतात, आमचे बाबा बांधतात त्या मचव्यासारख्याच. हाताने बांधलेल्या होडीच्या दोन बाजू सारख्या कशा असतील? मग पुठ्ठ्याचे साचे आतून धरून एकेक फासळी वेगळी कापली. सगळ्या बसल्या.

यार्ड चालवणारी आन्या इथेच जन्मलेली मराठी मुलगी आहे. ओरडलीच, "सुलेखामावशी, यू आर हायर्ड! मंडेपासून ये."

"नाही गं, मला अलाउड नाही," मी म्हटलं.

तेच तुम्हाला सांगायचं आहे. मी राजीवच्या व्हिसावर आहे. त्याच्या ग्रीन कार्डचं काम दोनदा अडलं. ते पुढे सरकेपर्यंत मला एक डॉलरही कमवता येत नाही. सहा वर्षं मी 'ऑफिसात गडबड आहे' असं लिहीत आले. ऑफिस नाहीच, बाबा. यार्डात आठवड्यातून दोनदा जाते, ती फुकट भुसा झाडायला. राजीव भला माणूस, तोही अडकलाय, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नाही. याचाच जास्त राग येतो.

परत यावंसं रोज वाटतं. पण सियाची शाळा, राजीवची नोकरी... आणि खरं सांगू? तुमच्यासमोर रिकाम्या हाताने उभं राहायची भीती वाटते. गावातल्या सगळ्या मुलांना सोडून तुम्ही रंधा माझ्या हातात दिला होतात.

तुमच्या होड्यांच्या शेडच्या दारावर लावायला तुम्ही माझा ऑफिसातला फोटो मागितला होतात. तीनदा टाळलं. आज पाठवतेय. होडीच्या पोटात उभी आहे, हातात पुठ्ठा, केसांत भुसा. लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. लावलात तर विचारणाऱ्याला खरं सांगा, पोरीला काम येतं, करायची परवानगी नाही.

तुमची,
कामावर नसलेली,
सुलेखा