हॉटेलातली तपासणी

३ मार्च, सोमवार
निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी! रासायनिक शस्त्रं तपासणारं आंतरराष्ट्रीय पथक आलं आहे आणि सरकारला दुभाषी हवी. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी कुणाला तरी आठवलं. नाहीच म्हणणार होते. पण गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या वस्तीवर जे पडलं त्यात धाकट्या बहिणीचा नवरा गेला, आणि ती आता माझ्या आतल्या खोलीत उशांना टेकून बसल्याबसल्या झोपते. आडवी झाली की श्वास कोंडतो. सरकार म्हणतं, कीटकनाशकाचं गोदाम पेटलं. त्या वस्तीत गोदाम कधी नव्हतंच. एक दवाखाना होता, एक शिंपी होता, आणि माझा मेहुणा.
होकार दिला.

४ मार्च, मंगळवार
पथक हॉटेलातच. संपर्क अधिकाऱ्याचं नाव मी मनात सेंटसाहेब ठेवलं आहे — माणूस यायच्या आधी वास येतो. इंग्रजीचा गंध नाही.
"मॅडम, पाहुण्यांना सांगा, रस्ता अजून सुरक्षित नाही."
सांगितलं. त्याच रस्त्याने रोज बुलडोझर जातो हे तो बोलला नाही, म्हणून मीही नाही. दुभाष्याला स्वतःचं मत नसतं. ओकारी मात्र असते.

७ मार्च, शुक्रवार
आज कार्यकक्षेवर चर्चा. विषारी वायू वापरला का, एवढंच पथक सांगणार. कुणी वापरला, ते त्यांच्या कक्षेत नाही. हे एक वाक्य ठरवायला म्हणे कित्येक देश महिनाभर भांडत होते. घरी येऊन धाकटीला सांगितलं.
"म्हणजे नुसतं मेला का, एवढंच विचारणार? मग विमानाने कशाला आले? पत्र टाकलं असतं तर कळवलं असतं मी."
स्वतःच हसली, आणि मग खोकला थांबेना.

११ मार्च, मंगळवार
पथकातल्या डॉक्टरने चहाच्या वेळी समजावलं. विषाची खूण रक्तात काही आठवडे राहते, मग पुसत जाते. आणि रक्त त्याने स्वतः काढून स्वतः सील केलेलं हवं. "तुम्ही बाटली आणून दिलीत, तर ती माझ्या लेखी पाणी."
हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तर रोज नवा बहाणा आणि दुपारी पंचपक्वान्नं.

१३ मार्च, गुरुवार
अखेर सरकारी इस्पितळ दाखवलं. कोऱ्या चादरी, गुटगुटीत रुग्ण. एक गडी इतक्या खणखणीत आवाजात "मला दमा आहे" म्हणाला की शेजारचा दचकला. सगळं भाषांतरित केलं.
"रुग्ण समाधानी आहेत, हेही सांगा," सेंटसाहेब म्हणाला.
तेही सांगितलं. घरी येऊन चुळा भरल्या. चव जात नाही.

१५ मार्च, शनिवार
पथक बुधवारी परत जाणार. 'मुदत संपली.'

१६ मार्च, रविवार
पथकाला हॉटेलाबाहेर पडता येत नाही आणि पासाशिवाय कुणाला आत जाता येत नाही. सकाळी दात घासताना सुचलं. दुभाषी नेहमी जोडीने काम करतात — अर्धा तास एक, अर्धा तास दुसरा, नाहीतर डोक्याचा भुगा होतो. मी एकटीच राबते आहे, कुणाला फिकीर नाही. सेंटसाहेबाला फोन केला, घसा बसलाय, जोडीदार हवी.
"आहे का कुणी?"
"घरातलीच आहे. विश्वासाची."
"मग उत्तमच, मॅडम. बाहेरची नकोच."
दुपारी पास घरपोच! धाकटी घाबरली. "ताई, मला इंग्रजीत थँक्यू सोडून काही येत नाही गं."
"तेवढंच बोलायचंय."

१७ मार्च, सोमवार
डॉक्टरला सगळा बेत सेंटसाहेबाच्या देखतच सांगितला, इंग्रजीत. साहेब मान डोलवत होता.

१८ मार्च, मंगळवार
झालं. पायऱ्या चढताना धाकटी दर दोन पायऱ्यांना थांबली. सेंटसाहेबाने स्वतः खुर्ची पुढे केली. "जोडीदार फारच थकलेल्या दिसतात."
"इंग्रजीने थकतो माणूस," मी म्हटलं.
डॉक्टरच्या खोलीत रक्त घेतलं, सील केलं. मग त्याने माझाही हात मागितला. तुलनेसाठी याच शहरातलं स्वच्छ रक्त हवं. नदीच्या अलीकडे काहीच आलं नाही, एवढ्या एका बाबतीत माझं आणि सरकारचं एकमत आहे. बाही वर केली. धाकटी डॉक्टरला थँक्यू म्हणाली आणि रडली.

१० एप्रिल, गुरुवार
पथकाच्या मुख्यालयात बैठक झाली. धाकटीच्या रक्तात विष सापडलं. आमचा प्रतिनिधी म्हणाला, एका बाईच्या रक्तावरून देशाला बदनाम करू नका. बाकीच्यांनी 'तीव्र चिंता' व्यक्त केली आणि पुढची तारीख घेतली. शी! माशासुद्धा घाणीवर बसल्या की काहीतरी खातात. हे नुसते बसतात.
धाकटी म्हणाली, "आणखी किती बायका हव्यात त्यांना?"

१८ एप्रिल, शुक्रवार
डॉक्टरचा फोन. तुलनेची बाटली त्यांनी पुन्हापुन्हा तपासली, म्हणून उशीर झाला. माझ्याही रक्तात तेच आहे. कमी, पण तेच. वारा नदीपाशी थांबला नव्हता.
सेंटसाहेबाचा बंगला आमच्या मागच्याच गल्लीत आहे. अंगणात मुलींचा झोपाळा. त्याला फोन लावला. म्हटलं, "साहेब, पोरींचं रक्त तपासून घ्या."